मागावरचा मेक्सिको

खंडेनवमीला भिवंडीतल्या कित्येक कारखान्यांत माग काही वेळ बंद ठेवतात. एरवी गल्लीतून जाताना शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही इतका खडखडाट असतो. त्या सकाळी तो थांबतो. मागावर साचलेली कापसाची मऊ धूळ झटकली जाते, लोखंडाला हळदकुंकू लागते, धोटा पुसून जागेवर ठेवतात आणि मागाच्या चौकटीवर झेंडूची माळ चढते. त्या घटकेला मागाजवळ उभे राहून दोन गोष्टी नीट पाहाव्यात. एक, बीमवरून पुढे आलेले ताण्याचे सूत. दुसरी, त्यावर झुलणारी केशरी माळ. सूत सुती असेल तर या दोन्हींचे मूळ घर बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे मेक्सिको.

स्पेनने घडवलेला भूभाग म्हटला की आपल्याला शाळेतला नकाशा आठवतो. मेक्सिकोपासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत पसरलेले देश, तिथली स्पॅनिश भाषा, चर्च, चांदीच्या खाणी. या सगळ्याचा कामवारी नदीकाठच्या भिवंडीशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. स्पेनचा सैनिक इथे कधी आला नाही. तरी तो भूभाग भिवंडीत रोज येतो. मागावर येतो, भाजीच्या टोपलीत येतो, उपासाच्या ताटात येतो. शिवाय साठ वर्षे अशी गेली, की भिवंडीसमोरच्या खाडीपलीकडे ज्याच्या नावाने राज्य चाले तो राजा स्पेनचाच होता.

आधी सुताचे पाहू. जगात माणसाने लागवडीखाली आणलेल्या कापसाच्या मुख्य जाती चार. दोन जुन्या जगातल्या. आपला देशी कापूस त्यांपैकीच. त्याचा धागा आखूड आणि जाडसर, पण हातमागाला आणि चरख्याला अगदी योग्य. उरलेल्या दोन अमेरिका खंडांतल्या. त्यांपैकी एक पेरू-इक्वेडोरच्या बाजूची आणि दुसरी मेक्सिकोतली, शास्त्रीय नावाने गॉसिपियम हिर्सुटम. या मेक्सिकन कापसाचा तंतू लांब असल्याने यंत्रावर वेगाने ओढला तरी तो टिकतो. म्हणून गिरण्यांचे युग आले तसे इंग्रजांनी हिंदुस्थानात हा कापूस रुजवण्याचा खटाटोप केला, आणि १८४०च्या दशकात धारवाडच्या काळ्या जमिनीत तो रुजला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तर देशी वाण कोपऱ्यात गेले. आज भारतातल्या कापसाच्या क्षेत्राचा दहांतल्या नऊ हिश्श्यांहून मोठा भाग हिर्सुटमचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातून सूतगिरणीत आणि तिथून भिवंडीच्या सायझिंगमध्ये खळ पिऊन बीमवर चढणाऱ्या सुती धाग्याचे मूळ असे मेक्सिकोत आहे.

मेक्सिकोत हा कापूस रानटी झुडूप म्हणून सापडला नव्हता. हजारो वर्षे तिथल्या शेतकऱ्यांनी चांगले बोंड निवडून, त्याचे बी जपून तो घडवला होता. स्पॅनिश लोक पोहोचले तेव्हा तिथल्या अझ्टेक साम्राज्याच्या राजधानीत अंकित प्रांतांकडून खंडणी म्हणून सुती कापडाचे गठ्ठे येत. तिथले योद्धे कापूस भरलेले जाड शिवणीचे चिलखत घालत, आणि स्वतः स्पॅनिश सैनिकांनीही पोलादी चिलखत उतरवून तेच अंगावर घेतले, कारण त्या उष्ण हवेत ते सोयीचे होते.

झेंडूची कथाही तिथलीच. मेक्सिकोत त्याला सेम्पासुचिल म्हणतात. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथे घरोघर दिवंगत माणसांची आठवण जागवतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि दारापासून त्या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे पितरांना घर सापडावे. आपल्याकडे पितृपक्ष संपतो, नवरात्र बसते आणि तोच झेंडू दाराला, देवाला, गाडीला आणि मागाला लागतो. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकाच फुलाला एकाच ऋतूत मान दिला आहे.

आता हा भूभाग घडला कसा ते पाहू. स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. मूठभर परके लोक एवढे साम्राज्य जिंकतात याची दोन कारणे मोठी आहेत. अझ्टेकांच्या खंडणीला कंटाळलेली त्लाश्कालासारखी राज्ये हजारोंच्या संख्येने स्पॅनिशांच्या बाजूने लढली. आणि १५२० साली देवीची साथ आली. अमेरिकेतल्या माणसाच्या शरीराला देवी, गोवर यांची ओळखच नव्हती. पुढल्या शतकभरात साथी, सक्तीची मजुरी आणि उपासमार यांनी मिळून मूळ लोकसंख्येचा दहांतल्या नऊ हिश्श्यांच्या आसपासचा भाग नाहीसा झाला, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. गावेच्या गावे रिकामी झाली. रिकाम्या गावात नवा मालक, नवी भाषा आणि नवा देव बसवणे सोपे जाते.

मग आली चांदी. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर पोतोसी नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत साकातेकासला सापडली. दगडातून चांदी वेगळी काढायला पारा लागतो, आणि पारा पेरूतल्या वांकाव्हेलिकाच्या खाणीत मिळाला. खाणीत उतरायला माणसे हवी होती. इंका राजांच्या काळात गावाने आळीपाळीने सरकारी कामाला माणसे पाठवायची मिता नावाची पद्धत होती. १५७०च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने तिच्या आधारे दूरदूरच्या गावांतून दरवर्षी हजारो माणसे पोतोसीला ओढली. ज्या पद्धतीने पूर्वी रस्ते आणि धान्यकोठारे बांधली जात, तिचेच रूपांतर वेठबिगारीत झाले.

त्या देशांचे अर्थकारण समजून घ्यायचे तर रस्ते पाहावेत. चांगले रस्ते खाणीपासून बंदरापर्यंत जात. एका गावाला शेजारच्या गावाशी जोडणारा रस्ता त्या मानाने दुर्लक्षित राहिला. किनाऱ्यावर बंदर, डोंगरात खाण, खाणीला धान्य, खेचरे आणि चामडे पुरवणाऱ्या मोठ्या जमीनदाऱ्या, आणि शहराच्या मध्यभागी चौक, त्याच्या एका बाजूला चर्च तर दुसऱ्या बाजूला कचेरी, ही घडण मेक्सिकोपासून चिलीपर्यंत ओळखू येते. मेक्सिको १८२१ला आणि बोलिव्हिया १८२५ला स्वतंत्र झाले. जमीन मोजक्या घराण्यांकडे आणि निर्यात एखाददुसऱ्या मालावर, ही त्या घडणीची खूण मात्र राजा गेल्यावरही टिकून राहिली.

आता आपल्या खाडीकडे येऊ. उल्हास नदी कल्याण ओलांडून ठाण्याजवळ आली की तिचे पाणी दोन वाटांनी समुद्राला मिळते. एक वाट ठाण्याच्या खाडीची, दुसरी घोडबंदरावरून वसईची. या दोन वाटांच्या मध्ये आहे साष्टी. खाडीच्या अलीकडे भिवंडी. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. वसईला कोट उभा राहिला आणि दमणपासून चौलपर्यंतच्या किनारपट्टीचा कारभार तिथून चालू लागला. या मुलखाला पोर्तुगीज लोक उत्तरेचा प्रांत म्हणत.

१५८० साली पोर्तुगालची गादी वारसाअभावी रिकामी झाली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ती घेतली. पुढल्या वर्षी पोर्तुगालमधल्या तोमार इथे त्याने पोर्तुगीज मानकऱ्यांना शब्द दिला, की कायदे, अधिकारी आणि वसाहती वेगळ्याच राहतील. म्हणून वसईत स्पॅनिश अंमलदार आला नाही. पण १६४०पर्यंत, म्हणजे पूर्ण साठ वर्षे, पोतोसीचा मालक आणि वसईचा मालक एकच होता. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी जेव्हा चर्चची घंटा वाजे, तेव्हा मेक्सिकोतल्या चौकातली घंटाही त्याच राजाच्या राज्यात वाजत असे.

मग खाडीच्या एका तीरावर जे झाले ते दुसऱ्या तीरावर का झाले नाही? वसई-साष्टीत चर्चे उभी राहिली, गावे इनामासारखी पोर्तुगीज कुटुंबांना आणि पाद्र्यांच्या संघांना पट्ट्याने दिली गेली, समाजाचे समाज ख्रिस्ती झाले. आजही वसईत सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत मराठीच्याच बोली बोलल्या जातात. मुंबई-ठाण्यातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती त्याच इतिहासाची लेकरे आहेत. भिवंडीत यातले काहीच घडले नाही. भिवंडी १६३६पर्यंत निजामशाहीत, मग आदिलशाहीत राहिली.

पहिले कारण रोगाचे. देवी-गोवर हे कोकणाला शतकानुशतके ठाऊक असलेले शत्रू होते. परक्यांच्या येण्याने इथली गावे ओस पडली नाहीत. उलट इथल्या तापाने आणि हगवणीने परकेच मेले. दुसरे कारण सत्तेचे. किनाऱ्यामागे तोफा आणि घोडदळ बाळगणाऱ्या सुलतानशाह्या होत्या, पुढे मराठे आले. तिसरे कारण मालाचे. इथे चांदीचा डोंगर नव्हता. इथली संपत्ती म्हणजे तांदूळ, साग, कापड आणि त्यांचा व्यापार, आणि व्यापारावर हात ठेवायला बंदर आणि खाडीचे तोंड पुरत असे. स्पॅनिशांना डोंगराच्या पोटात शिरावे लागले. पोर्तुगीजांना समुद्रावर पहारा ठेवला की पुरे. घोडबंदर आणि नागला बंदर इथले त्यांचे कोट पाहिले की हे लगेच कळते. दोन्ही कोट पाण्याकडे डोळे लावून बसले आहेत.

ऑक्टोबर १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीचा इतिहास बदलला. वाडा-शहापूरकडचा साग आणि समुद्रापर्यंत पोहोचणारे पाणी, दोन्ही हाताशी आले. महाराजांनी इथे गलबते बांधायला घेतली आणि जहाजबांधणीच्या कामावर रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराला, त्याच्या मुलाला आणि त्यांच्या माणसांना ठेवले. १६५९ साली वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळले. ही गलबते उद्या आपल्यावरच येतील हे ओळखून त्यांनी त्या कारागिरांना फितवून परत नेले. पण तोवर इथल्या हातांनी काम पाहिले होते. गलबते पुढेही बांधली गेली आणि आरमार उभे राहिले. मेक्सिकोत आणि पेरूत स्थानिक राजाला परक्याची विद्या शिकून घ्यायला सवडच मिळाली नव्हती. ती सवड कोकणाला मिळाली. भिवंडीच्या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान हेच.

पोर्तुगीजांशी चाललेल्या या झगड्याचा शेवट भिवंडी तालुक्यातच दगडात उभा आहे. मे १७३९मध्ये मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मोहिमेवर जाताना त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, आणि तो फेडण्यासाठी सुभेदार शंकर केशव फडक्यांनी तानसा नदीकाठी देवीचे मंदिर बांधले, असे परंपरा सांगते. दगडी पायऱ्या चढून आपण वर जातो तेव्हा भोवतीचा तट कोटासारखा वाटतो. नगारखान्याची बांधणी वसईच्या कोटाची आठवण करून देते. जवळच अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. भाविक कुंडात स्नान करून देवीला येतात. त्या पायऱ्यांवर क्षणभर थांबावे. एका सागरी साम्राज्याचा उत्तर कोकणातला अंमल कुठे संपला हे दाखवणारी ती खूण आहे.

सत्ता खाडीपाशी थांबली, तरी माणसे आणि बी-बियाणे आधीपासून वाहतच राहिली होती. १५७१ साली स्पॅनिशांनी मनिला शहर घेतले. तिथून मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरापर्यंत वर्षाला एकदोन मोठी जहाजे १८१५पर्यंत जात-येत राहिली. जाताना रेशीम, मसाले आणि हिंदुस्थानी सुती कापड. येताना चांदी. ती चांदी आशियाच्या बाजारांत पसरे, आणि तिच्यापैकी कितीतरी सुरतेच्या टाकसाळीत वितळून मोगली रुपये होत.

त्याच वाटेने एक मुलगीही गेली. तिचे नाव मिऱ्हा असल्याचे सांगतात. मोगल मुलखातल्या या मुलीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवले, मनिलाच्या बाजारात विकले, आणि १६२०च्या सुमारास ती गुलाम म्हणून मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात पोहोचली. तिथे तिचे नाव कातारिना दे सान हुआन झाले. आशियातून आलेल्या कुणालाही तिकडे चिना म्हणत, म्हणून ही हिंदुस्थानची लेक चिना झाली. पुढे तिची भक्ती पाहून लोक तिला साध्वी मानू लागले. १६८८ साली ती वारली तेव्हा पुएब्ला लोटले होते. तिच्यावर एका जेझुइट पाद्र्याने तीन खंडांचे चरित्र लिहिले आणि इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायालयाने ते बंद पाडले. पुएब्ला हे विणकरांचे शहर. तिथल्या ओब्राहे नावाच्या कोंडवाड्यासारख्या कारखान्यांत कर्जात अडकवलेले मजूर लोकर आणि सूत विणत. मेक्सिकोतली यंत्रावरची पहिली कापडगिरणीही १८३५ साली पुएब्लातच उभी राहिली. भिवंडीची आठवण व्हावी असे हे गाव आहे.

कारण भिवंडीची कथाही स्थलांतराचीच. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर इथे आले असे इथल्या विणकर घरांत सांगतात. तेलंगणातून पद्मशाली आले. वीज आली तसे हातमागांचे यंत्रमाग झाले, आणि १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर कापडाचे काम आणखीच इकडे वळले. मागवाला बारा-बारा तासांची पाळी करतो, तुटलेला धागा जोडण्यासाठी एका मागाकडून दुसऱ्याकडे धावतो आणि विणलेल्या मीटरवर मजुरी घेतो. ओब्राहेतल्या कर्जबंद मजुराची आणि त्याची स्थिती एक नव्हे. पण कापड स्वस्त व्हावे म्हणून विणणाऱ्याच्या घामाचा भाव पाडायचा, ही रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

आता ताटाकडे या. एकादशीच्या दिवशी भिवंडीच्या बाजारात फिरलात तर उपासाचे सगळे जिन्नस एका ओळीत दिसतील. साबुदाणा कसाव्हाच्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळे अमेरिकेतले. हिरवी मिरची मेक्सिकोतली. ज्या दिवशी आपण सोवळ्याने जेवतो, त्या दिवशीचे ताट जवळजवळ सगळे समुद्रापलीकडून आलेले असते.

यात राजगिऱ्याची गोष्ट मनाला लागते. अझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात मळून देवांच्या मूर्ती करत आणि पूजेनंतर त्यांचे तुकडे प्रसाद म्हणून खात. पाद्र्यांना यात आपल्या प्रसादाचे विडंबन दिसले. हे विधी मोडून काढले गेले आणि राजगिऱ्याची शेती आक्रसत गेली. तरी काही गावांनी बी जपले. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा काकवीत थापून वडी करतात. तिचे नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती ठेवली तर कोणती कुठली हे ओळखता येणार नाही. जिथे हे धान्य पवित्र होते तिथे त्याला देवघरातून हाकलले, आणि आपल्याकडे ते उपासाचे धान्य होऊन बसले.

शब्दही याच वाटेने आले. काळ्या मिरीला स्पॅनिशमध्ये पिमिएंता म्हणतात. मिरीच्या शोधात निघालेल्या कोलंबसाला तिखट शेंग सापडली आणि तिचे नाव पिमिएंतो पडले. आपणही मिरीवरूनच मिरची केली. दोन भाषांनी एकाच चवीला एकाच रीतीने नाव दिले. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा, मुळात रताळ्यासाठीचा. तो पोर्तुगीजांच्या तोंडून कोकणात आला. चिकूचे नाव मेक्सिकोच्या नाव्हातल भाषेतले. स्पॅनिशांनी ते झाड फिलिपिन्सला नेले, तिथेही त्याला चिकोच म्हणतात. आज डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६पासून भौगोलिक मानांकन आहे. परक्या झाडाने इथल्या मातीत इतका जीव धरला, की ती मातीच त्याची ओळख झाली.

तेव्हा स्पेनने काय घडवले याचा हिशेब दोन वह्यांत मांडावा लागेल. एका वहीत खाणी, वेठबिगार, ओस गावे, मोडलेल्या मूर्ती आणि बंदराकडे धावणारे रस्ते. ती वही स्पेनच्या नावावर आहे. दुसऱ्या वहीत कापूस, मका, मिरची, बटाटा, राजगिरा, झेंडू. ती वही स्पेनची नाही. जहाजे त्याची आणि पोर्तुगालची होती, पण बी मेक्सिकोच्या आणि अँडीजच्या त्या शेतकऱ्यांचे होते, ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. इतिहास शिकवताना आपण कोर्तेसचे नाव पाठ करून घेतो आणि बोंड निवडणाऱ्या हाताला विसरतो.

येत्या खंडेनवमीला माळ घालताना किंवा एकादशीला राजगिऱ्याची वडी मोडताना मुलांना एवढे जरूर सांगा, की हे बी ज्यांनी जपले त्यांनी आपले राज्य गमावले, आपला देव गमावला, पण बी जाऊ दिले नाही. आपला देशी कापूस आज तशाच जपणाऱ्यांची वाट पाहत आहे.